बर्गी जेवायला आले

बर्दवानजवळच्या खेड्यात मित्राकडे जेवत होतो. त्याची नात भात खाईना, तेव्हा आजीने दटावले, “गीळ पटकन, नाहीतर बर्गी येतील!” बर्गी म्हणजे आपल्या नागपूरकरांचे बारगीर, अठराव्या शतकात बंगाल लुटून गेलेले घोडेस्वार. मित्राने मला डोळा मारला, “अगं, आलेच की! हे पाहुणे नागपूरचेच!” मी खुशीत मिशीला पीळ दिला. सगळे खदाखदा हसले.

पोरीने मात्र हातातल्या बांगड्या उतरवून माझ्या पानाशी ठेवल्या. “आजीला मारू नका,” म्हणाली.

शाळेत या स्वारीचे बाण आम्ही नकाशावर किती ऐटीत पूर्वेकडे ओढायचो! बाणाच्या टोकाशी कुणाचे तरी घर असते, हे गुरुजींनी सांगितले नव्हते.

बांगड्या परत करायला मी हात पुढे केला, तर तिने डोळे घट्ट मिटून घेतले.