गुरदयालच्या नावावरची गोळी

"या खांद्याला जुना काही मार बसलाय का?" मी विचारलं. इथे परदेशात, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा विचारते. उत्तरं ठरलेली असतात: बाथरूममध्ये घसरले, बसमधून उतरताना पडले. समोरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई मात्र म्हणाल्या, "बंदुकीचा. आणि एकदा नाही, चांगली सात-आठ वर्षं. दस्ता नीट खांद्यात रुतवला नाही ना, तर बंदूक लाथ मारते."

मला वाटलं, थट्टा करताहेत. शेजारी त्यांचे चिरंजीव बसले होते, श्रीरंगदादा. तुआसच्या शिपयार्डात मरीन इंजिनिअर, साठीला टेकलेले. त्यांनी मान हलवली. "खरं आहे. आई शिकारीला जायची."

कुमुदकाकू मूळच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन थेट टांझानियात गेल्या. नवरा, वसंतराव, तिथे घायपाताच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांचा जिवलग मित्र गुरदयाल सिंग; त्याचं गॅरेज होतं आणि त्याचीच जीप. रीतसर परवाना काढून हे दोघे दर दोन-तीन महिन्यांनी शिकारीला जायचे. सोबत जुमा, जनावराचा माग काढणारा. "मला नेलं ते भाकरी थापायला," काकू सांगायच्या. "तिसऱ्या खेपेला गुरदयालने गंमत म्हणून हातात बंदूक दिली. म्हणाला, तो डबा उडवून दाखव. उडवला. मग काय, पुढच्या खेपेपासून भाकऱ्या हे थापायला लागले."

आम्ही चोआ चू कांगला एकाच ब्लॉकमध्ये राहतो, हे दुसऱ्या भेटीत कळलं. मग दर शनिवारी दुपारी व्यायाम घ्यायला मीच त्यांच्या घरी जाऊ लागले. फार लवकर त्या माझ्या काकू झाल्या.

त्यांच्याबरोबर खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, जाणं हा एक कार्यक्रमच असे. ट्रे हातात घेऊन मी उभी, आणि काकू मात्र बोट ओलं करून हवेत धरणार. "वारा कुठून येतोय ते आधी बघावं, मग बसावं." एकदा मी म्हटलं, "काकू, इथे कोण आपला वास घेऊन पळणार आहे?" तर म्हणाल्या, "पळणार नाही गं. पण त्या तळणीचा धूर सगळा तुझ्या केसांत जाईल." आणि खरंच गेला. मी हात घाईघाईने वर करायला लावला, की त्या डोळे मिटून म्हणायच्या, "पोले पोले." म्हणजे सावकाश. ती स्वाहिली त्यांच्या सातारी बोलण्यात मीठ मिसळावं तशी मिसळून गेली होती.

मी शाकाहारी घरातली. एकदा राहवलं नाही, विचारलं, "जीव घेताना काहीच वाटायचं नाही?"

त्या जराही रागावल्या नाहीत. "वाटायचं. पहिलं हरीण पडलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, आणि त्याचंच मटण जेवले. खोटं कशाला सांगू तुला?"

शनिवारी चारला व्हिडिओ कॉल असायचा. आता नैरोबीला राहणारे गुरदयाल. वसंतराव जाऊन वीस वर्षं झालेली, जुमाही गेलेला. त्या दिवसांचे हे दोघेच उरले होते. मला वाटायचं, दोघं सिंह-हत्तींच्या बढाया मारतील. पण ते बोलायचे ते वेगळंच. तंबूबाहेर उभा राहून हत्ती तासभर झाड खात होता आणि चौघांनी खोकला कसा दाबून धरला. जुमाने चहात चुकून मीठ घातलं आणि कुणीच बोललं नाही. हसून हसून दोघांना ठसका लागायचा.

कॉल सुरू झाला की श्रीरंगदादा उठून आत जायचे. मी एकदा कारण विचारलं. "मी पाच वर्षांचा होतो," ते म्हणाले. "या माणसाची एक गोळी चुकली. रानरेडा नुसता जखमी झाला आणि त्याने जुमाचा पाय मांडीपासून मोडला. जुमा जन्माचा लंगडा झाला. बाबांनी यांना परत कधी घरात घेतलं नाही. बाबा गेल्यावर आईने हे फोन सुरू केले. आईला सांगणारा मी कोण? पण मला ते तोंड बघवत नाही."

मग एका शनिवारी पडद्यावर गुरदयाल दिसले ते उशीला टेकून, नाकात नळी घातलेले. पाचच मिनिटं बोलले. त्या दिवशी काकूंनी व्यायाम केला नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले तर त्यांनी श्रीरंगदादांना समोर बसवून ठेवलं होतं. "आज आत जायचं नाही," त्यांना म्हणाल्या. आणि मला, "फोन तू धर गं."

कॉल लागला. गुरदयालनी हात हलवला. काकू त्यांच्याकडे न बघता मुलाकडे बघून बोलू लागल्या.

"श्री, त्या रेड्याला लागलेली गोळी माझी होती."

श्रीरंगदादा खुर्चीत पुढे सरकले.

"अंतर जास्त होतं. जुमा थांब म्हणाला होता. मी थांबले नाही. जखमी जनावर सोडून यायचं नसतं, म्हणून जुमा पुढे गेला, आणि तो रेडा वळसा घालून मागून आला. गुरदयालने त्याला पाडलं, नाहीतर जुमा तिथेच गेला असता. तुझे बाबा मागून धावत आले. ओरडले, पहिली गोळी कुणाची? मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, मेरी." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "बाईच्या हातात बंदूक दिली म्हणून आधीच लोक तुझ्या बाबांना बोलत होते. ह्याला ते ठाऊक होतं. पण मी नंतर तरी सांगायचं होतं. त्या दिवशी नाही, तर दुसऱ्या दिवशी. तुझ्या बाबांनी ह्याला दार बंद केलं, तेव्हा तरी. मी चहाची भांडी विसळत बसले होते."

"जुमाला माहीत होतं?" श्रीरंगदादांनी विचारलं.

"त्याला जमीन वाचता यायची, श्री. त्याला कसं माहीत नसेल? मी दवाखान्यात त्याला बघायला गेले, तर पाय टांगलेल्या अवस्थेत तो मलाच म्हणाला, पोले, मामा. त्यांच्यात दुसऱ्याचं दुःख बघून तसं नुसतं एकदाच पोले म्हणतात. मामा म्हणजे आई. त्यानंतर मी बंदुकीला हात लावला नाही."

फोनमधून खरखरीत आवाज आला. "कुमुद, क्या कर रही है? पचास साल वो गोली मेरी रही है. अब वापस मत माँग."

"नहीं गुरदयाल. मेरी है. दे दे."

पडद्यावर त्यांनी नाकातली नळी बोटाने सारखी केली. माझा हात भरून आला होता, पण मी फोन हलवला नाही. शेवटी ते म्हणाले, "ले ले, फिर."

श्रीरंगदादा उठले. मला वाटलं, आत जातील. ते आईच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, म्हणजे तेही फोनमध्ये दिसू लागले. "अंकल," ते म्हणाले. मग हिंदीत एवढंच विचारलं, "बाबा पर कभी गुस्सा नहीं आया?"

"तेरे बाप ने मुझे कभी गाली नहीं दी," गुरदयाल म्हणाले. "बस, बुलाना बंद कर दिया. गाली देता तो अच्छा था." आणि हसले. हसताना दम लागला, म्हणून कोणीतरी बाजूने येऊन फोन बंद केला.

गुरदयाल त्या आजारातून उठले. कुणालाच वाटलं नव्हतं. पुढचे सगळे शनिवार श्रीरंगदादा समोर बसून ऐकायचे, मधेच आईला विचारायचे, "मग? हत्ती गेला कधी?" काकूंचा उजवा हात मी पुरता वर नेऊ शकले नाही, पण त्या काळात त्यांची तक्रार कमी झाली होती.

काकू गेल्या त्या सहा महिन्यांनी, सकाळच्या चहानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या. श्रीरंगदादांनी मला वर बोलावलं. डॉक्टर येऊन गेले होते. पुण्याच्या नातेवाइकांना कळवायचं होतं, पण दादांनी पहिला फोन नैरोबीला लावला. तिथे नुकतंच उजाडलं असेल.

"अंकल, आई गेली."

मग गुरदयालनी अगदी हळू विचारलं, "बेटा, तूने कुछ खाया?"

श्रीरंगदादांनी मान हलवून नाही म्हटलं. फोनवर ते दिसत नव्हतं, पण पलीकडून आवाज आला, "खा ले पहले. मैं बैठा हूँ यहाँ. फोन मत रखना."

मी आत जाऊन भात लावला.