बॉनेटवरची आठ भोकं

केडगावात पुणे रस्त्याला टायरवाल्यांची ओळ आहे, तिच्या मागं गोरक्षनाथ दरेकराचं पत्र्याचं शेड. पाटी-बिटी काही नाही. कुणालाही विचारा, "मोनोवाला गोरख का? त्या लिंबाखालून आत जा," असं सांगतात. मोनो म्हणजे गाडीच्या बॉनेटवर, दारावर, मागच्या फाळक्यावर कंपनीचं नाव नाहीतर चिन्ह असतं ते. जुन्या पिकअप गाड्यांचे मोनो, पुढच्या जाळ्या, कडेच्या चमकत्या पट्ट्या, हे गोरखचं काम. जस्ताच्या ओतीव मोनोला पन्नास-साठ वर्षांत फोड येतात, हात लावला की तुकडा पडतो. मग गोरख तुकडे जुळवून साचा करतो, पितळेत नवा ओततो, कानस मारून मारून जुन्यासारखा करतो आणि वर निकेल-क्रोम चढवून देतो. मूळ कुठलं आणि नवं कुठलं, हे शेजारी ठेवलं तरी सांगता येत नाही.

माणूस पाथर्डीकडचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे. गोरख लिहायला-वाचायला शिकला आणि नगरच्या एमआयडीसीत क्रोमच्या टाकीवर लागला. अकरा वर्षं तिथं काढली. ॲसिडच्या वाफेनं खोकला मागं लागला तेव्हा बायको जया म्हणाली, "आता पुरं." मग हे शेड टाकलं. कामाला हात चांगला होता, पण त्याला एक खोड होती. गाडी आली की ती कुणाची, कुठं चालली, कुणी ठोकली, कुणी रंगवली, हे कळल्याशिवाय त्याचा हात पुढं सरकत नसे. गिऱ्हाईक वैतागायचं. जया म्हणायची, "तुमी पोलिसात पायजे हुता."

दोन वर्षांमागं दसऱ्याच्या सुमाराला राहात्याहून एक फार्गो पिकअप टेम्पोवर लादून आली. सोबत धनश्री नावाची मुलगी होती. तिशीतली, बोलायला चटपटीत. घरची पेरूची बाग तीच बघायची. ही गाडी तिच्या आजोबांची, म्हणजे सहादेवअण्णांची. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गाडी तेव्हापासून गोठ्यामागं कोंबड्यांना दिलेली.

"इंजिनचं काम झालंय मामा," धनश्री म्हणाली. "जानेवारीत पुण्याला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. मला फक्त कंपनीचे मोनो पाहिजेत, पुढं आणि बॉनेटच्या बाजूला. अगदी ओरिजिनल."

"करू की," गोरख म्हणाला. त्याच्याकडं फार्गोचे साचे तयारच होते. महिनाभराचंही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बॉनेटचा रंग काढायला घेतला. वरचा पांढरा गेला, खाली निळा लागला, निळ्याखाली हिरवा. हिरवा गेला आणि डाव्या बाजूच्या पत्र्यावर शिशानं बुजवलेली भोकं दिसली. एक, दोन, करत करत आठ. उजवी बाजू साफ कोरी.

गोरखनं फार्गोचा साचा आणून भोकांवर धरला. एकही भोक जुळेना. कंपनीची अक्षरं लांबीला यापेक्षा पुष्कळ मोठी. दुसरा साचा धरला, तिसरा धरला. मग त्यानं साचे ठेवून दिले, पत्र्यावर पातळ कागद चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली. भोकं कागदावर उमटली. पाच भोकं एका सरळ रेषेत होती, दोऱ्यानं आखल्यासारखी. दोन त्या रेषेच्या वर, एक सुरुवातीला आणि एक पार शेवटाला. आणि एकच भोक रेषेच्या बरंच खाली.

इंग्रजी अक्षरांचे खिळे असे नसतात. ती अक्षरं जमिनीवर उभी राहिल्यासारखी, त्यांचे खिळे वर-खाली विखुरलेले. मग ही वरची सरळ ओळ कसली? गोरख चहा प्यायला उठला, अर्धा प्याला, आणि कप हातात धरूनच परत आला. ही शिरोरेषा होती! अक्षरं वरून लोंबकळत होती. मोनो मराठीत होता.

आता त्याला काम सुचेना. कागद घेऊन तो जेवायला घरी गेला आणि ताटाशेजारी पसरून बसला.

"देवाचं नाव असंल," तो म्हणाला. "न्हाईतर पोराचं. गाडीवर दुसरं काय घालत्यात?"

जयानं भाकरी टाकता टाकता मान वळवून बघितलं. "हे सुरवातीचं वरचं भोक मोठं का दिसतंय?"

गोरखनं ते आधी पाहिलं नव्हतं. जेवण तसंच टाकून तो शेडवर गेला, भिंग घेऊन पत्र्यावर वाकला. त्या एका भोकाभोवती गोल घासल्याचा वण होता. एकाच खिळ्यावर बसलेली वस्तू गाडीच्या हादऱ्यानं फिरते, तेव्हाच असा वण पडतो. म्हणजे तिथं एकटं, सुटं काहीतरी होतं. टिंब. अनुस्वार!

तो परत आला तोवर जयानं कागदावर कोळशाच्या तुकड्यानं रेघोट्या मारल्या होत्या. "पयल्या अक्षरावर टिंब," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या खाली भोक हाय, तो उकार. आन शेवटाला वर आकडा. 'ई'ला असतोय तसा. अवं, हे बाई हाय, बाई! गाडीवर बाईचं नाव हुतं." आणि तिनं बोटं मोडायला सुरुवात केली, "इंदुबाई, चंदुबाई, मंजुबाई, कुंजुबाई..."

"कुंजुबाई कुठं असती व्हय?"

"असंल एखादी. तुमाला काय सगळ्या बाया म्हायती हायेत?"

गोरखनं धनश्रीला फोन लावला. ती हसायलाच लागली. "आमच्या घराण्यात इंदुबाई नाही की चंदुबाई नाही. आजीचं नाव राहीबाई. पणजीचं भीमाबाई. मामा, तुम्ही बुजवा ती भोकं आणि कंपनीचा मोनो लावा. जानेवारी जवळ आलाय."

"ताई, तुमच्याच घरात कुणाला तरी म्हाईत असंल. मी एकदा येऊन जातो."

तो खरंच गेला. एसटीनं राहात्याला उतरला, तिथून बागेपर्यंत धनश्रीनं त्याला मोटारसायकलवर आणलं. नवं सिमेंटचं घर, पुढं ओटा, ओट्यावर पेरूचे क्रेट. राहीबाई पंचाऐंशीच्या घरात, पण दात सोडले तर सगळं शाबूत. पेरूतले डागी बाजूला काढत बसली होती.

गोरखनं कागद तिच्यापुढं ठेवला आणि सरळ विचारलं, "आजी, गाडीवर ह्या जाग्याला कुणाचं नाव हुतं? इंदुबाई का चंदुबाई?"

राहीबाईनं कागदाकडं पाहिलं. हातातला पेरू क्रेटमध्ये ठेवला, पुन्हा उचलला.

"रंगुबाई," ती म्हणाली.

"कोण रंगुबाई?" धनश्रीनं विचारलं.

"बागंत कामाला हुती. तिकडची, डोंगराच्या पलीकडची," राहीबाईनं पूर्वेला हात केला. "नवऱ्यानं टाकलेली. कोयता घिऊन आली आन हितंच ऱ्हायली. माझ्या लग्नाच्या आधीची ती. पेरू कवा तोडायचा, पाटीत कसा रचायचा, लिंबाचा पाला कुठं घालायचा, ते तिलाच कळायचं. नगरच्या बाजारात गाडीच्या फाळक्यावर हुबी ऱ्हाऊन बोली करायची. व्यापारी म्हनायचं, रंगुबाईची गाडी आली. मग तुझ्या आजानं तिचं नावच घातलं ओतून. पिवळंधमक."

"मग काढलं का?" गोरखनं विचारलं.

"मी काढलं."

धनश्री खाली बसली.

"माझी वरात त्याच गाडीतनं आली," राहीबाई म्हणाली. "अठरा वर्साची मी. डोक्यावरनं पदर, मला लिवता-वाचता येत न्हाई. माझ्या मावशीनं वाचून दावलं आन सगळ्या बाया हसल्या. 'राहीची वरात रंगुबाईच्या गाडीतनं!' तवापासनं त्या अक्षरांकडं बगायची मी. रोज. येताजाता. वाचायला आलेलं पयलं नाव तेच माझं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बारा वर्सं दम धरला. एकदा ती भावाच्या दहाव्याला गावाकडं गेली. बाजारच्या दिवशी ओतारी आला हुता, भांडी घिऊन. त्याच्याकडनं उपटून घेतली अक्षरं आन ती मोडीत घालून तांब्या घेतला. ह्यांना सांगितलं, चोरीला गेली."

"आणि ती परत आल्यावर?" धनश्रीनं विचारलं.

"आली. गाडीपाशी गेली. बगितलं. मी ह्या हितंच हुबी. म्हनलं, आता इचारल. तिनं पदरानं बॉनेट पुसलं आन पाट्या चढवायला लागली. हे म्हनले, 'रंगुबाई, दुसरं करून आणतो.' ती म्हनाली, 'नगं मालक. माल नावावर इकत न्हाई, वासावर इकतो.' त्यानंतर सहा वर्सं हुती हितं. मी रोज वाट बगायची, आज इचारल, उद्या इचारल. एक शब्द न्हाई. माझ्या दोन्ही बाळंतपणात तिनंच पाणी तापवलं."

धनश्रीनं हळूच विचारलं, "आजी, पण त्या दोघांचं... तसं काही होतं का?"

"काय की! ती त्यांच्याहून पंधरा वर्सांनी थोरली. मी इचारलं न्हाई. न इचारलेलं लई जड जातं, बाई."

विचारपूस करायची गोरखची सवय, पण इतकं बाहेर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. कागदाची घडी घालून तो म्हणाला, "आजी, मग भोकं बुजवून टाकू का? तुमी म्हनाल तसं."

"बुजवतोस कशाला? घाल तिचं नाव."

"पण अक्षरं कशी हुती, कुणाला म्हाईत? मी माझ्या मनानं घातली तर..."

"मला म्हाईत न्हाई तर कुणाला?" राहीबाईनं धनश्रीकडून पेन घेतलं, गोरखचा कागद उलटा केला. तिला आजही बाकी काही लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी ती अंगठाच उठवायची. पण ती वाकली आणि थरथरत्या हातानं, आधी एक लांब रेघ ओढून, तिच्याखाली एकेक अक्षर टांगत गेली. र चा पाय बाहेर वाकलेला. गु चा उकार शेपटीसारखा लांब. टिंब जरा मोठंच. चित्र काढावं तसं तिनं नाव काढलं.

गोरखनं कागद उन्हात धरला. मागच्या बाजूची भोकं पुढं दिसू लागली. कागद उलटा असल्यानं ती उजवी-डावी फिरली होती आणि आजीचं अक्षर लहान होतं. तरी पाच एका रेषेत, दोन वर, एक खाली, ही ठेवण तीच. केडगावला येऊन त्यानं नाव मोठं करून पत्र्यावर धरलं तेव्हा आठही भोकं अक्षरांच्या पोटात जाऊन बसली. गोरख एकटाच मोठ्यानं हसला. टायरवाला बघायला आला.

साचा केला, माती दाबली, पितळ ओतलं. पहिल्या ओतणीत उकाराचं टोक भरलंच नाही, दुसरी चांगली निघाली. क्रोम चढवला नाही, पिवळंच ठेवलं. कंपनीचा मोनो त्यानं पुढच्या जाळीवर लावला, तो धनश्रीच्या इच्छेसाठी.

गाडी राहात्याला पोचवायला तो स्वतः गेला. राहीबाई काठी टेकत आली. बोट शिरोरेषेवरून फिरवलं, टिंबाला लावलं, र वर येऊन थांबलं.

"ह्याचा पाय सरळ केलास तू."

"आजी, मला वाटलं तुमचा हात थरथरला म्हनून वाकडा आला."

"माझा हात थरथरतो, डोकं न्हाई थरथरत. वाकडाच हुता पाय. पयल्या ओताऱ्यानंच वाकडा केल्ता."

गोरखनं वाद घातला नाही. परत केडगावला आला, तिसऱ्यांदा ओतलं, आणि चार दिवसांनी पुन्हा राहात्याला. या वेळी राहीबाईनं बोट फिरवलं, ते र वर थांबलं नाही. दार उघडायला सांगितलं. धनश्रीनं धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं. गाडी बागेच्या कडेनं सावकाश गेली, विहिरीला वळसा घालून परत आली. उतरल्यावर म्हातारीनं पदरानं बॉनेट पुसलं आणि घरात जाऊन पडून राहिली. संध्याकाळपर्यंत कुणी तिला हाक मारली नाही.

पुण्याच्या प्रदर्शनात गाडीला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं की बाजूचा मोनो कंपनीचा नाही. धनश्रीनं फोनवर सांगितलं, "पण मामा, दिवसभर गर्दी आमच्याच गाडीपुढं. सांगून सांगून माझा घसा बसला."

गोरखचं मात्र अजून समाधान झालेलं नाही. रंगुबाईचं गाव कोणतं, हे राहीबाईला आठवत नाही. डोंगराच्या पलीकडं, एवढंच. तो मुलूख गोरखच्याच पाथर्डीकडचा. त्यामुळं गावी गेला की पारावर, लग्नात, जत्रेत म्हाताऱ्या बायकांपाशी जाऊन बसतो आणि विचारतो, कोयता घेऊन राहात्याकडं गेलेली, पेरू विकणारी रंगुबाई कुणाची? गेल्या यात्रेत एका म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आमच्याकडं तीन रंगुबाया हुत्या. तुला कोनती पायजे?"

गोरखनं चप्पल काढली, मांडी घालून तिच्यापुढं बसला आणि म्हणाला, "तिन्ही सांगा."