यांची पेशी

बायांनो, हसायचं तर आधीच हसून घ्या. उपासानं डोकं थंड राहतं म्हणतात, माझ्या डोक्याचं काय झालं ते ऐका!

आमच्या ह्यांच्या कपाळावर बोराएवढी लाल गाठ आली. बालाघाटच्या डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. कॅन्सर तर नसेल ना, या धाकानं मी सोळा सोमवार धरले.

एक दिवस हे अंघोळीला गेलेले, ह्यांचा फोन मी उचलला.

"नागपूरहून बोलतोय. साहेबांच्या पेशी खूपच आहेत. साध्या की घातक, नजरेनं ठरत नाही. फोटो कम्प्युटरला दिलेत, तो एकेक मोजतोय. निकाल गुरुवारी."

ठेवलाच की हो फोन!

आता तुम्हीच सांगा, आमच्या बालाघाटात पेशी कुठे असते? कचेरीत! कोर्टाची तारीख म्हणजे पेशी. वर निकाल! आणि नागपूर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मोठं कोर्टच उभं राहतं. अंगातल्या बारीक कणांनाही मराठीत पेशी म्हणतात, हे हिंदी शाळेत शिकलेल्या मला कोण सांगणार?

म्हणजे तहसिलीतून रिटायर झालेल्या माझ्या नवऱ्यावर केस! तीही घातक! आधीच गाठीचा घोर, म्हणून ह्यांना काही बोलले नाही. किरनापूरच्या वकील दिराला फोन लावला.

"भाऊजी, तुमच्या दादाच्या पेश्या लागल्या! बहुत आहेत!"

"कोनत्या केसमंदी, वहिनी?"

"मले काय माहीत? केलं असन त्याईनं काही!"

गुरुवारी भाऊजी काळा कोट चढवून हजर. फोन वाजताच त्यांनी झडप घातली.

"मी वकील बोलून राह्यलो. पेशी कोनासमोर आहे?"

"माझ्यासमोर. काचेवर."

"जमानत भेटन का?"

तिकडून आवाज आला, "अहो, मी तपासणीचा डॉक्टर! मीही पाहिल्या, कम्प्युटरनंही मोजल्या. पेशी साध्या आहेत. कॅन्सर नाही!"

मी देवासमोर जी बसले, ती रडतच. तोवर भाऊजींनी ह्यांना सगळं सांगून टाकलं. वकिलाच्या पोटात काय राहतं का? हे येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"पेशी साधी का घातक, हे ठरवाले त्या कम्प्युटरले इतके दिवस लागले. अन् मी साधा का घातक, हे तू एका फोनात ठरवलं?"

खरंच की! कम्प्युटरनं निदान फोटो तरी पाहिला होता. मी तर लग्नापासून अख्खा माणूस पाहत आले, आणि तरी चुकले!