रांगोळीखालची घरं

आज परदेशातल्या आमच्या पार्सिपनीच्या घराच्या बॅकयार्डात पाणी घालताना ओल्या मातीचा वास आला आणि आई आठवली. इथे आली की ती तुळशीपुढची माती रोज सपाट करायची, मुंग्यांची समजून भोकं बुजवायची, सडा घालून रांगोळी काढायची.

एकदा तुळशीच्या मंजिरीवर चकाकती हिरवी माशी बसली. माझ्या लेकीने फोटो काढून फोनवर शोधलं. “आजी, इट्स अ बी! मधमाशीसारखी. ती जमिनीत घर करते.”

आईने केसातली पिन काढली आणि रांगोळी विस्कटत ती एकेक बुजवलेलं भोक उकरू लागली.

“अगं, बुजवलं तरी त्या बाहेर निघतात आपल्या आपण,” मी हसलो.

“रोज त्यांची दारं बुजवून वर हात जोडत होते रे मी!”

पुन्हा तिने तिथे रांगोळी काढली नाही. रांगोळीसाठी दुसरी जागा मीही तिला दाखवली नाही.