सातच्या पाढ्याची लगोरी

माझ्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. मी तिसरीत असताना सातच्या पाढ्यात अडखळले आणि वडिलांची लाकडी पट्टी तिच्यावर बसली. निपाणीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत ते मास्तर होते, आणि माझा वर्गही त्यांच्याकडेच होता. त्यांच्या वर्गाची एक रीत होती. उत्तर चुकलं की आपण होऊन हात पुढे करायचा. मास्तरांना तो मागावा लागला तर दोन पट्ट्या जादा. मी इतकी तरबेज झाले होते की चुकलं हे कळायच्या आधीच माझा हात पुढे गेलेला असायचा. गावातले लोक अजून म्हणतात, मास्तरांनी पोरं घडवली. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

लग्नानंतर बेंगळुरूला आले आणि बसवनगुडीतल्या एका लहानशा खाजगी शाळेत मला तिसरीचा वर्ग मिळाला. पहिल्याच दिवशी मी स्वतःला बजावलं, मुलांवर हात उगारायचा नाही. सोळा वर्षं ते पाळलं. राग मला भरपूर येतो. मी डस्टर आपटते, घसा बसेपर्यंत ओरडते, पण हात नाही. स्टाफरूममध्ये हे मी जरा जास्तच वेळा ऐकवायचे.

मागच्या वर्षी शाळेनं फर्मान काढलं की शिकवायचं ते खेळातून. बाकीच्यांनी पत्ते आणि सापशिडी आणली. मी लगोरी आणली. सुताराकडून लाकडाच्या सात चकत्या कापून घेतल्या, त्यांच्यावर सातपासून एकोणपन्नासपर्यंत पाढा रंगवला. बाकं भिंतीला सरकवली, मधे खडूनं गोल काढला. लगोरी मी पाडायची, एका गटानं पाढा मोठ्यानं म्हणत चकत्या रचायच्या, दुसऱ्या गटाकडे जुन्या मोज्यांचा चेंडू. रचणारा चुकला की त्याला चेंडूनं मारायचं. हा नियम माझा होता आणि मला तो फार आवडला होता. गट रोज आलटून पालटून.

वर्ग पेटला. कधी तोंड न उघडणारी मुलं घसा ताणून पाढे म्हणायला लागली. हेडमिस दारात उभ्या राहून मोबाइलवर व्हिडिओ काढायच्या, मी मुद्दाम थोडी कॅमेऱ्याकडे वळून उभी राहायचे.

वर्गात एक किरकोळ अंगाची मुलगी होती. घरी मराठी बोलणारी, बेळगावकडची. ती अठ्ठावीसपर्यंत बरोबर यायची आणि पुढे तिचं तोंड मिटायचं. मग चेंडू. पाठीवर, मानेवर, तोंडावर. तिनं उचलून परत द्यायचा आणि पुन्हा खायचा. मुलांना आता तिच्या चुकण्याची वाटच असायची. अठ्ठावीस आलं की सगळे दात विचकून पुढे सरकायचे. सगळ्यात नेम धरून मारायचा तो वर्गाचा मॉनिटर. "लागत नाही मिस, सॉक्स आहेत," असं तो म्हणायचा आणि मी हसायचे. हो, हसायचे. मोज्यांनी काय लागणार?

एका शनिवारी हेडमिस काही पालकांना घेऊन वर्ग दाखवायला आल्या. त्या दिवशी चेंडू त्या मुलीच्या गटाकडे असायचा होता. पण तो गट जरा थंड, आणि मला रंगत हवी होती. मी तिच्या हातातला चेंडू मॉनिटरला घ्यायला लावला. ती माझी ओढणी धरून म्हणाली, "मिस, आज आमची पाळी आहे की." पाहुण्यांकडे बघत मी म्हटलं, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडम्मा," थोडं सांभाळून घे ग. पालक हसले. मी तिला खांद्याला धरून गोलात ढकललं.

तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले होते. मला वाटलं, नखरे. अठ्ठावीसला ती थांबली. मॉनिटरनं सगळा जोर लावून चेंडू फेकला.

आवाज मोज्यांचा नव्हता. ती बाकावर आदळून खाली पडली. भुवई उघडली होती. पस्तीसची चकती तिच्या रक्तानं भरली. मी चेंडू उचलला, तर हात खाली ओढला गेला. आत मुठीएवढा दगड होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मॉनिटरची कॉलर धरली आणि त्याच्या थोबाडीत दिली. तो भिंतीवर आपटला. त्याला सरळ करून पुन्हा दिली. खोटं कशाला सांगू, त्या दुसऱ्या फटक्यानं मला बरं वाटलं. "नानल्ल मिस, नानल्ल!" मी नाही, मी नाही, एवढंच तो ओरडत होता. नाकातून रक्त येत होतं. माझा हात तिसऱ्यांदा वर गेला होता.

"मिस, दगड मी घातलाय," खालून ती मुलगी म्हणाली. "आज मी मारणार होते. रोज मलाच लागतंय. एकदा त्यांनाबी लागू दे म्हटलं."

म्हणजे चेंडूत काय आहे हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती गोलात उभी राहिली, कारण मी तिला ढकललं होतं.

भुवईला टाके पडले, डोळा वाचला. लगोरी बंद झाली. सोमवारी मी भरल्या वर्गात दोघांचीही माफी मागितली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मॉनिटर "सरी मिस", बरं मिस, म्हणून खाली बसला. मला वाटलं, सुटले.

दोन आठवड्यांनी तो वही तपासायला घेऊन आला. सात आठे चोपन्न लिहिलं होतं. मी लाल पेन उचललं. त्यानं पेनाकडे पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि आपण होऊन गाल पुढे केला.