मामा, दोन शिड्या आणि माझा गुंता

माझ्या पीएचडीच्या विषयामुळे माझ्या सख्ख्या मामांचा पाय मुरगळला. फार थोड्या विषयांना असा मान मिळतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याचा, वय एकोणतीस, पदार्थविज्ञानात संशोधन करत होतो. विषय होता 'अनेक पातळ्यांच्या पुंज प्रणालींमधील गुंत्यावर परिसरातील गोंगाटाचा होणारा परिणाम'. (एका दमात म्हणून बघा. आमचे आप्पा, म्हणजे वडील, मध्ये दोनदा श्वास घ्यायचे.) लग्नाच्या बायोडाटात एवढं मावेना, म्हणून आप्पांनी ते आटोपशीर केलं : 'मुलगा सध्या गुंत्यात आहे.' वर्षभर एकही स्थळ आलं नाही!

शेवटी आईनं ती ओळ खोडली आणि आष्ट्याहून बोलावणं आलं. मुलगी सुनंदा, शाळेत गणित शिकवायची. तिच्या वडिलांचा, बापूसाहेबांचा, मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. त्यांच्या कर्ण्याशिवाय त्या भागात लग्न लागत नसे. आईला एसटी लागते, म्हणून मी, आप्पा आणि आटपाडीचे मामा असे तिघंच गेलो. मामा अंगानं भरभक्कम. एसटीत ते बसले की शेजारचा आपोआप उभा राहायचा.

अंगणात कनाती, बांबूच्या शिड्या आणि कर्णे रचून ठेवले होते. ओसरीवर पोहे आले, पाठोपाठ सुनंदा आली. मला ती बघताक्षणी आवडली आणि माझी अक्कल तिथंच संपली.

"काय अभ्यास हाय म्हनं तुमचा?" बापूसाहेबांनी विचारलं.

"दोन कण एकमेकांत गुंतलेले असतात," मी म्हणालो. "बाहेरच्या गोंगाटानं तो गुंता सुटतो. म्हणजे त्यांचं नातंच तुटतं."

बापूसाहेबांचा चमचा हवेतच थांबला. "गोंगाटानं तुटतं?"

"हो."

"आवं, पंचवीस वर्सं आमचा कर्णा वाजतोय! त्यात लागल्यालं एक लगीन तुटल्यालं न्हाई! इचारा कुनालाबी!"

आप्पांनी मला पायानं ढोसलं. पण सुनंदा माझ्याकडे बघत होती आणि मी एकोणतीस वर्षांचा होतो. "तो गोंगाट वेगळा. थांबा, करूनच दाखवतो!" असं म्हणून मी अंगणात उतरलो. दोन शिड्या उचलून अंगणाच्या दोन टोकांना भिंतीशी लावल्या. एकीवर आप्पांना चढवलं, दुसरीवर मामांना.

"हे दोन कण. प्रत्येकाला खालच्या तीन पायऱ्या. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. मी टाळी वाजवली की मनाला येईल त्या पायरीवर जायचं. कण गुंतलेले असले, की दोघं दरवेळी सारख्याच पायरीवर सापडतात."

"बगायचं न्हाई, बोलायचं न्हाई, आन सारकं सापडायचं कसं रं?" मामा म्हणाले.

(या प्रश्नानं मोठमोठ्या शास्त्रज्ञांची झोप उडवली आहे. मामांना तो दुसऱ्या पायरीवर पडला. स्वतः मामा अजून पडायचे होते.)

मी टाळी वाजवली. दोघंही दुसऱ्या पायरीवर! पुन्हा वाजवली. दोघंही तिसऱ्या! बापूसाहेब उठून उभे राहिले. सगळ्यात जास्त चकित मी झालो होतो.

"मामा खोकतायत," सुनंदा शांतपणे म्हणाली.

"अं?"

"दोनदा खोकले की दुसरी पायरी, तीनदा खोकले की तिसरी. तुम्ही शिड्या लावत होतात तेव्हाच दोघांनी ठरवलंय."

"आगं पोरी," मामा शिडीवरून ओरडले, "भाच्याचं लगीन जमावं म्हून केलं!"

सुनंदा माझ्याकडे वळली. "मग तुमचे कणसुद्धा आधीच ठरवून येत नाहीत कशावरून?"

या प्रश्नाला उत्तर आहे. त्यावर प्रयोग झालेले आहेत. त्यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे! पण तिच्या डोळ्यांकडे बघताना मला त्यातलं अक्षर आठवेना. मी म्हणालो, "ते... ते खोकत नाहीत."

"ते ऱ्हाऊ द्या!" बापूसाहेब म्हणाले. "गोंगाटाचं दावा!" आणि मी 'नको' म्हणायच्या आत त्यांनी घरात जाऊन अँप्लिफायर चालू केला. आधी कानठळ्या बसवणारी शिट्टी आली. मग चार कर्ण्यांतून आवाज घुमला : "हॅलो, माइक टेस्टिंग! वन! टू! थ्री!"

मामांना वाटलं, पायऱ्या सांगतायत. ते वनला पहिलीवर, टूला दुसरीवर, थ्रीला तिसरीवर! बापूसाहेब थांबेनात, मामाही थांबेनात. मधेच मामा खोकायचे. ते आप्पांना ऐकू जाईना, म्हणून आप्पा आपले अंदाजानं वर-खाली करत होते. हा वर तर तो खाली! तेवढ्यात उत्साहाच्या भरात बापूसाहेबांनी "फोर!" म्हटलं.

शिडीला चौथी पायरी होती. मामांना पेलेल अशी नव्हती.

मामा कनातींच्या ढिगावर आले, त्यांचा उजवा पाय एका कर्ण्यात गेला, आणि मी आनंदानं ओरडलो, "बघा! गोंगाटानं गुंता सुटला!"

कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

बापूसाहेब चालू माइक हातात घेऊनच धावत आले. त्यामुळे माझ्या उच्च शिक्षणाबद्दल मामांनी काढलेले उद्गार आष्ट्याच्या बाजारपेठेपर्यंत स्पष्ट ऐकू गेले. पाय कर्ण्यातून काढायला खोबरेल तेल लागलं आणि अर्धा तास. तेल सुनंदानं आणलं. हसू आवरायला ती तीनदा आत गेली.

आठ दिवसांनी बापूसाहेबांचं पत्र आलं. 'मुलगा पसंत आहे. मुलीची ना नाही. विषय नापसंत. विषय बदलत असल्यास पुढे बोलू.'

(लग्न झालं, हे आताच सांगून टाकतो. मामा तक्रार न करता सबंध वेळ खुर्चीत बसून होते.) पण विषय बदलायचा म्हणजे माझ्या मार्गदर्शक सरांची परवानगी हवी. मी त्यांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "सर, मुलीच्या वडिलांची अट आहे. विषय सोडावा लागेल."

सर खुर्चीतून उठले. त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"तीन वर्षं मी तुम्हाला दुसरं काय सांगतोय?" ते म्हणाले. "पण मला लग्नाची मुलगी नाही ना!"