एका विडीला एक सरी

कचक, कचक, कचक. मी मुलगी बघायला सिन्नरला गेलो होतो, तेव्हा आतल्या खोलीतून हा आवाज येत होता. मायलेकी विड्यांसाठी कात्रीनं पानं कापत होत्या. त्या काळी तिथं घरोघरी बायका विड्या वळायच्या. मुलगी पोहे ठेवून आत गेली आणि सासऱ्यांनी एक विडी पुढे केली. "हिरानंच वळलीय," म्हणाले. मी ओढली. घट्ट वळलेली होती, शेवटपर्यंत विझली नाही. मी तिथंच होकार दिला.

हिरा आजही पाहुण्यांना सांगते, "यांनी मला नाही, विडीला पसंत केलं."

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. पण विडी सुटल्यापासून माझ्याभोवती किस्से साचायला लागलेत. ओढत होतो तेव्हा एकही नव्हता. माणूस बसून धूर सोडतो, त्यात सांगण्यासारखं काय असणार? सोडली की मात्र घरचे, दारचे, सगळे त्यात पडतात. मग कोणी ना कोणी हसवतंच.

*

आमचं शेत मखमलाबादच्या पुढे. झेंडू आणि थोडी शेवंती. पहाटे माल एकनाथच्या टेम्पोतून फुलबाजारात जातो. तिथं आडत्याच्या गाळ्यावर विश्राम वजनकाट्याला बसतो. गुलाबवाला निवृत्ती माझा बांधशेजारी, लहानपणापासूनचा. आम्ही चौघं मिळून रोज सकाळी बाजाराच्या भिंतीशी बसायचो आणि धूर काढायचो.

पुढं पुढं विहिरीवरून घरी येताना मला मध्ये बसावं लागायला लागलं. हिरानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एका नळीत फुंकायला लावलं, कागद बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "बाबा, छातीत जागा थोडीच उरलीय. आज सोडलीत तर शेतात जाल. नाही सोडलीत तर खाटेशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर येईल. मग त्याची नळी जेवढी लांब, तेवढंच तुमचं शेत."

मला शेत पाहिजे होतं. बाहेर येऊन खिशातला विड्यांचा कट्टा सोबत आलेल्या निवृत्तीच्या हातात दिला आणि सांगितलं, आजपासून बंद.

त्यानं त्यातलीच एक पेटवली, झुरका घेतला आणि म्हणाला, "लय चांगलं केलं, नामा."

*

आम्ही सरीला पाणी घड्याळ बघून देत नाही. सरीच्या तोंडाशी बसायचं, विडी पेटवायची. विडी संपली की सरी भरली. उठून पुढच्या सरीचं दार मोडायचं, म्हणजे तोंडाची माती ओढून पाणी तिकडं वळवायचं. माझ्या वडिलांनीही असंच पाणी भरलं.

विडी सोडल्यावर पहिल्यांदा पाणी भरायला बसलो आणि कळेना, किती वेळ झाला. बसून राहिलो. मन विडीतच होतं. झेंडूची सरी भरली, फुटली, बांध ओलांडून पाणी निवृत्तीच्या गुलाबात गेलं. तो तिथं खुरपत होता. चिखलातून पाय उपसत आला.

"नामा," तो म्हणाला, "विडी सोडली तू, आणि बुडतोय मी?"

हिरानं यावर तोड काढली. फुटाण्यांची पिशवी दिली. एक मूठ फुटाणे एकेक करून चावायचे, मूठ संपली की सरी भरली. हिशोब बरोबर बसला. तोंडालाही चाळा झाला. झेंडू असा फुलला की बघत राहावं. पण मीही फुललो. सरी काही थोड्या नाहीत. शेताला पाणी पाजून पाजून पोट सुटलेला शेतकरी आमच्या शिवारात मी एकटाच.

*

चौघांत काडेपेटी मी बाळगायचो. पहिली विडी काडीवर पेटायची, बाकीच्या एकमेकांच्या विडीवर. विडी सोडली तरी मित्र काडी माझ्याकडंच मागायचे. सवयीनं मीही खिशात पेटी ठेवायचो.

ती हिराला कपडे धुताना सापडली. तिनं अंगणात, चार बायांसमोर, माझं तोंड हुंगलं. फुटाण्यांचाच वास आला. तरी दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा स्वतः बाहेर आली आणि पेटी एकनाथच्या हातावर ठेवली.

"भाऊजी, तुमची आग तुम्ही सांभाळा."

एकनाथ विसराळू. त्यानं पेटी घरी देवापुढं ठेवून दिली आणि तिथंच विसरला. पुढच्या सकाळी भिंतीशी तिघंही तोंडात कोरडी विडी धरून बसलेले. कोणाकडंच काडी नाही. बाजाराची घाई, दुसऱ्याकडं मागायला उठायला वेळ नाही.

विश्राम विडी परत खिशात ठेवत म्हणाला, "नामातात्यांनी नुसती स्वतःची नाय सोडली, आपलीबी सोडवली."

*

पोट दिसायला लागल्यावर विश्रामनं मला मालाच्या काट्यावर उभं केलं आणि लिलावासारखा पुकारा केला. "बघा हो, जुन्या झाडाचा झेंडू, जड माल."

बाजारात काही जण वजन वाढावं म्हणून फुलांवर पाणी मारून आणतात. समोर हार गुंफत बसलेल्या जनाबाईंनी मान वर करून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पाणी मारलंय याच्यावर. मला नको."

घरी येऊन मी हे हिराला सांगितलं. वाटलं, रागावेल. ती भाकरी थापत म्हणाली, "उद्या सांगा त्यांना. पाणी नाही, फुटाणे मारलेत." आणि माझ्या अंगातल्या कोपरीची शिवण उसवून ती सैल करून दिली. आतापर्यंत तिनं दोनदा सैल केलीय.

*

सगळ्यात वाईट वेळ चहानंतरची. कप खाली ठेवला की बोटं आपोआप खिशाकडं जातात. जीव असा कासावीस होतो की भिंतीला धरून बसावं वाटतं. हिरा ते बघायची. एक दिवस म्हणाली, "तुमच्या तोंडाला नाही, बोटांना पाहिजे ती." आणि माझ्यापुढं कापूस टाकला. "वाती वळा."

जिनं लहानपणी विड्या वळल्या, ती मला वाती वळायला शिकवत होती. मी वळायला लागलो. वाती बऱ्या जमल्या, पण प्रत्येक वात वळून झाली की माझी बोटं तिचं एक टोक चेपायची. विडी पेटवायच्या आधी चेपतो, तसं. मला पत्ताच नसायचा.

हिरानं एक वात उचलून बघितली. "हिला का चेपली? ओढायचीय का?"

हसून हसून मला खोकला लागला. खोकला थांबला तेव्हा लक्षात आलं की ती वेळ निघून गेली होती. आता चहानंतर रोज वाती वळतो. देवळातले गुरव म्हणतात, तात्यांची वात दिव्यात नीट बसते. चेपलेली असते ना.

*

परत दवाखान्यात जायचं म्हणजे मला धास्ती होती. पोट बघून बाई बोलतील. वजनाला उभं राहायच्या आधी मी चपला काढल्या, टोपी काढली, खिशातली चिल्लर काढली. हिरा म्हणाली, "दातही काढून ठेवा."

बाईंनी आकडा लिहिला आणि कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. "फुटाणे कमी करा, काकडी खा, गाजर खा, चाला. हे पोट आपण उतरवू बाबा. ते उतरवता येतं. आता फुंका."

मी फुंकलं. त्यांनी मागचा कागद शेजारी धरला आणि हिराकडं बघून हसल्या. हिरानं डोळ्याला पदर लावला.

त्या दिवशी विहिरीवरून घरी येताना मी कुठंही बसलो नाही. हिराच मागं राहिली. "थांबा की जरा," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती मला थांबा म्हणाली असेल. मला केवढं बरं वाटलं.

*

गणपतीच्या आधी हिरा ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता ती बरी आहे. काठी घेऊन चालते आणि त्याच काठीनं मला कामं दाखवते. म्हणून हे सांगता येतंय.

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं. आमचा मुलगा दारापाशी थांबला. मला तिथं उभं राहवेना. निवृत्ती मला धरून बाहेर चहाच्या गाडीवर घेऊन आला. बाकावर बसलो. ग्लास खाली ठेवला, बोटं खिशाकडं गेली. इतके महिने जी आठवण दाताखाली धरून ठेवली होती, ती सगळी वर आली. बाईंचं बोलणं आठवत होतं, सिलिंडर आठवत होता. पण त्या घडीला वाटलं, हिराच नसली तर शेत कशाला पाहिजे?

आमच्याकडं एक रीत आहे. विडी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. बांधावरून भांडण असो, बोलणं बंद असो, मागितली की द्यायची. निवृत्तीनं तर जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही.

"निवृत्ती," मी म्हणालो, "एक विडी दे."

त्याचा हात खिशाकडं गेला नाही. मी हात पुढं केलेला होता.

"दे म्हणतो ना. एकच."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून कट्टा काढला. नवा होता, दोराही सोडलेला नव्हता. बाकाजवळ चहावाल्याची उष्टे ग्लास विसळायची बादली होती. निवृत्तीनं वाकून कट्टा त्या पाण्यात घातला आणि हातानं तळाशी दाबून धरला.

"ओ बाबा, काय करताय?" चहावाला ओरडला.

निवृत्तीनं तिकडं बघितलं नाही. पाणी तपकिरी झालं, तेव्हा हात बाहेर काढला. मग सदऱ्याचा खिसा ओढून उलटा केला आणि मला दाखवला. खिशात द्यायला काही उरलं नव्हतं.

खिसा तसाच लोंबत ठेवून तो उठला आणि परत दवाखान्याच्या फाटकाकडं चालायला लागला.